डाटेल्न : कालव्यांच्या संगमावर वसलेले जर्मन बंदर-गाव

समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत, जर्मनीच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात, रुर या औद्योगिक पट्ट्याच्या उत्तर कडेला डाटेल्न नावाचे गाव आहे. त्याची लोकसंख्या ३५ हजारांच्या आसपास आहे. गावाच्या उत्तरेने लिपे ही नदी वाहते. पण मोठी मालवाहू जहाजे चालावीत एवढी ती रुंद नाही आणि खोलही नाही. असे असूनही शंभर मीटरहून लांब जहाजे या गावाच्या कडेने नित्य ये-जा करतात. माणसांनी खोदलेले कालवे येथे एकमेकांना मिळतात, हे त्याचे कारण. हा जगातील सर्वांत मोठा कालवा-संगम असल्याचे डाटेल्नकर अभिमानाने सांगतात.

या गावाचे भाग्य गेली सव्वाशे वर्षे कालव्याशी आणि कालव्याचे भाग्य बहुतांशी कोळशाशी बांधलेले आहे. आता रुरच्या खाणी बंद झाल्या आहेत आणि आयात कोळशाचेही दिवस कायद्याने मोजून दिलेले आहेत. ज्या मालासाठी जलमार्ग खोदला तो माल नाहीसा झाल्यावर त्या जलमार्गाचे आणि त्यावर जगणाऱ्या बंदरांचे काय होते, हा प्रश्न डाटेल्नपुढे उभा आहे.

चार कालवे, एक पातळी

डाटेल्नला जोडणारा पहिला आणि मुख्य जलमार्ग म्हणजे डॉर्टमुंड-एम्स कालवा. तो डॉर्टमुंड शहरापासून उत्तरेकडे जाऊन एम्स नदीला मिळतो आणि तिच्या मुखावरील एम्डेन या सागरी बंदरापर्यंतचा मार्ग खुला करतो. पश्चिमेकडे जाणारा वेझेल-डाटेल्न कालवा सुमारे ६० किलोमीटर लांब असून तो वेझेल शहराजवळ ऱ्हाइन नदीत उतरतो. पूर्वेकडे डाटेल्न-हाम कालवा जातो. त्याची लांबी सुमारे ४७ किलोमीटर आहे. चौथा ऱ्हाइन-हेर्ने कालवा. तो गावाच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर हेनरिखेनबुर्गच्या परिसरात डॉर्टमुंड-एम्स कालव्याला मिळतो आणि पश्चिमेकडे ड्युसबुर्गच्या विशाल नदीबंदराला जोडतो.

उत्तरेकडे आणखी पुढे गेल्यास हाच मार्ग मिटललँड कालव्याला मिळतो. तो जर्मनीच्या मध्यभागातून आडवा जाऊन माग्देबुर्गपर्यंत पोहोचतो. तेथून बर्लिन आणि पोलंडच्या सीमेपर्यंत जलमार्ग उपलब्ध आहे. म्हणजे डाटेल्नहून निघालेले जहाज पश्चिमेस रोटरडॅमला, उत्तरेस एम्डेनला आणि पूर्वेस बर्लिनला जाऊ शकते. चार रस्त्यांच्या चौकाला रस्तेवाहतुकीत जे महत्त्व असते, तेच या गावाला जलवाहतुकीत आहे.

संगम येथेच का झाला, याचे उत्तर जमिनीच्या चढउतारात आहे. डाटेल्नलगतचा कालवा समुद्रसपाटीपासून सुमारे ५६ मीटर उंचीवर आहे. या एकाच पातळीवरून उत्तरेस म्युन्स्टरपर्यंत, पूर्वेस हामपर्यंत आणि पश्चिमेस हेर्नेपर्यंत जहाज कोठेही वर चढवावे किंवा खाली उतरवावे लागत नाही. कालव्याच्या वाहतुकीत प्रत्येक चढ-उतार वेळखाऊ असतो. त्यामुळे अशी लांबच लांब सपाट पातळी मोलाची ठरते. जेथे कालवे मिळतात तेथे पाण्याचे पात्र पुष्कळ रुंद केलेले आहे. लोक त्याला कौतुकाने ‘डाटेल्नचा समुद्र’ म्हणतात. पुढच्या फेरीची वाट पाहणारी जहाजे येथे नांगरून पडतात.

कालवा खोदण्यामागचे राजकारण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुर पट्ट्यात कोळसा आणि लोखंड यांचे उत्पादन एवढे वाढले, की रेल्वेला त्याची वाहतूक झेपेनाशी झाली. ऱ्हाइन नदी जवळ होती. पण तिचे मुख नेदरलँड्समध्ये आहे. आपल्या कोळशाची समुद्रावर जाण्याची वाट परक्या देशातून जावी, हे प्रशियाच्या राज्यकर्त्यांना रुचत नव्हते. संपूर्णपणे स्वतःच्या भूमीतून जाणारा, एम्डेनला पोहोचणारा मार्ग त्यांना हवा होता. या हेतूने १८८६ साली कालव्याचा कायदा झाला, १८९२ मध्ये खोदकाम सुरू झाले आणि ११ ऑगस्ट १८९९ रोजी सम्राट दुसरा विल्हेल्म याच्या हस्ते डॉर्टमुंड-एम्स कालव्याचे उद्घाटन झाले. उत्तरेकडे कोळसा जावा आणि परतीच्या फेरीत स्वीडनचे लोहखनिज यावे, अशी त्यामागील योजना होती.

पुढचे कालवे मात्र सहजासहजी झाले नाहीत. एल्बे नदीच्या पूर्वेकडील बड्या जमीनदारांनी कालव्यांना कडाडून विरोध केला. जलमार्गाने परदेशी धान्य स्वस्तात देशाच्या आतल्या भागात पोहोचेल आणि आपल्या धान्याचे भाव पडतील, अशी त्यांना भीती होती. १८९९ साली प्रशियाच्या विधिमंडळाने कालव्याचे विधेयक फेटाळले. शेवटी १ एप्रिल १९०५ रोजी तडजोडीचा कायदा संमत झाला. नव्या कालव्यांवर जहाजे ओढून नेण्याचा हक्क केवळ सरकारचा राहील, अशी एक अट त्यात होती. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतःचे इंजिन असलेली जहाजे सर्वत्र झाली, तेव्हा या सरकारी मक्तेदारीला अर्थ उरला नाही.

या कायद्यानुसार ऱ्हाइन-हेर्ने कालवा आणि डाटेल्न-हाम कालवा १९१४ साली खुले झाले. वेझेल-डाटेल्न कालव्याचे काम १९१५ मध्ये सुरू झाले. परंतु पहिले महायुद्ध आणि त्यानंतरची आर्थिक ओढाताण यांमुळे तो पूर्ण होण्यास १९३० साल उजाडले. दरम्यान डाटेल्नमध्ये एमशेर-लिपे ही कोळशाची खाणही सुरू झाली होती. कालवे आणि खाण यांच्या बळावर शेतकऱ्यांचे हे जुने खेडे वाढत गेले आणि १९३६ साली त्याला नगराचा दर्जा मिळाला.

युद्धकाळात कालव्याचे महत्त्व शत्रूनेही ओळखले होते. डाटेल्नच्या उत्तरेस लाडबेर्गेनजवळ कालव्याचे पात्र भराव घालून आसपासच्या जमिनीच्या वर नेलेले आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रिटिश विमानांनी नेमक्या या ठिकाणी बॉम्बफेक करून भराव फोडला. कालव्यातील पाणी शेतांत वाहून गेले आणि कित्येक किलोमीटरचे पात्र कोरडे पडले. उंचावरून नेलेल्या कालव्याचा बांध एका जागी फुटला तरी सारी वाहतूक कशी ठप्प होते, याचा तो धडा होता.

जहाजांना वर उचलण्याची विद्या

डाटेल्नपासून ऱ्हाइनपर्यंत कालव्याची पातळी सुमारे ४१ मीटरने खाली उतरते. हा उतार डाटेल्न, आहसेन, फ्लाइसहाइम, डॉर्स्टेन, ह्युन्क्से आणि फ्रीडरिश्सफेल्ड या सहा ठिकाणच्या लॉकांमध्ये विभागलेला आहे. लॉक म्हणजे जलपाश. दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा लांबट हौद. जहाज आत आले की मागचा दरवाजा बंद होतो. खाली उतरायचे असेल तर हौदातील पाणी खालच्या बाजूस सोडले जाते, वर चढायचे असेल तर वरच्या बाजूचे पाणी आत घेतले जाते. दोन्हीकडची पातळी समान झाली, की पुढचा दरवाजा उघडतो. यात जहाजाला वर उचलण्यासाठी वेगळी ताकद लागत नाही, पाणीच ते काम करते.

हे पाणी फार लागते. वेझेल-डाटेल्न कालव्यावरील मोठे लॉक सुमारे २२० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद आहे. दोन पातळ्यांतील अंतर सरासरी सात मीटर धरले, तर एका वेळी १८ हजार घनमीटरहून अधिक, म्हणजे सुमारे १ कोटी ८० लाख लिटर पाणी वरून खाली जाते. दिवसातून अनेकदा हेच घडते. माथ्यावरच्या पातळीतून गेलेले हे पाणी परत आणावे लागते. हाम येथे लिपे नदीचे पाणी कालव्यात सोडण्याची व्यवस्था आहे. उन्हाळ्यात लिपेला पुरेसे पाणी नसले, तर लॉकांजवळ बसवलेले पंप ऱ्हाइनकडचे पाणी पायरीपायरीने उलट वर चढवतात. कालव्यातील पाणी वरवर स्थिर दिसत असले, तरी त्याचा जमाखर्च रोज मांडावा लागतो.

उंचीचा प्रश्न सोडवण्याची याहून देखणी तऱ्हा डाटेल्नच्या दक्षिणेस, वाल्ट्रॉप गावाच्या हद्दीत पाहायला मिळते. येथे डॉर्टमुंडकडे जाण्यासाठी सुमारे १४ मीटर वर चढावे लागते. १८९९ साली अभियंत्यांनी यासाठी हेनरिखेनबुर्गचे जहाज-उद्वाहक बांधले. त्यात पाण्याने भरलेले एक लांबलचक पात्र होते आणि जहाज त्या पात्रात शिरत असे. पात्राखाली पाच विहिरींत पाच पोकळ टाक्या तरंगत होत्या. त्या टाक्यांच्या तरंगण्याच्या बळाने पात्र, पाणी आणि जहाज यांचे सारे वजन तोलले जाई. त्यामुळे प्रत्यक्ष वर-खाली करण्यास थोडीशी वीज पुरत असे आणि उचलण्याचे काम अडीच मिनिटांत होई. ६७ मीटर लांबीची, सुमारे ६०० टन माल वाहणारी जहाजे हे उद्वाहक उचलू शकत होते.

जहाजे वाढत गेली, तसे हे साधन अपुरे पडले. त्याच्या शेजारी १९१४ साली एक खोल लॉक, १९६२ साली दुसरे मोठे उद्वाहक आणि १९८९ साली १९० मीटर लांबीचे आधुनिक लॉक बांधण्यात आले. आज त्यांतील शेवटचे तेवढे वाहतुकीसाठी वापरात आहे. पहिले उद्वाहक आता संग्रहालयाचा भाग असून, एका शतकातील जलवाहतूक तंत्राचे चार टप्पे एकाच ठिकाणी बघता येतात.

धक्क्यावरचे कामकाज

जर्मनीतील कालव्यांवर दोन प्रकारची बंदरे असतात. एक सार्वजनिक बंदर. ते बहुधा नगरपालिकेच्या मालकीच्या कंपनीकडे असते आणि कोणाचाही माल तेथे उतरवता येतो. दुसरे कारखान्याचे स्वतःचे बंदर. वेझेल-डाटेल्न कालव्यावरील मार्ल येथील रासायनिक उद्योगसंकुलाला स्वतःचे बंदर आहे. डाटेल्नच्या वीजकेंद्रालाही कोळसा उतरवण्यासाठी स्वतःचा धक्का आहे. कालवा, त्याची लॉक आणि त्यांची देखभाल ही मात्र केंद्र सरकारच्या जलमार्ग प्रशासनाची जबाबदारी आहे.

सुट्या मालाचे, म्हणजे कोळसा, धातुक, वाळू, खडी, भंगार यांचे काम मुख्यतः यारीने होते. यारीच्या दोराला दोन जबड्यांचा ग्रॅब लावलेला असतो. भंगारासाठी अनेक नख्यांचा पंजा किंवा विद्युतचुंबक वापरतात. धान्य मोठ्या नळीने शोषून घेतात, द्रव पदार्थ पंपाने काढतात. कंटेनर उचलण्यासाठी रुळांवर सरकणारी उंच यारी किंवा धक्क्यावर फिरणारे उचलयंत्र असते. या कालव्यांवरील पूल फारसे उंच नसल्यामुळे कंटेनर बहुधा दोनच थरांत रचता येतात. ऱ्हाइनवर मात्र त्याहून अधिक थर चालतात. कालव्यावरून होणाऱ्या कंटेनर वाहतुकीला यामुळे मर्यादा पडते.

जहाज भरताना घाई करून चालत नाही. नदी-कालव्यांतील जहाज लांब, सपाट आणि उथळ असते. सगळा माल एका टोकाला टाकला, तर जहाजाच्या सांगाड्यावर ताण येऊन तो वाकण्याचा धोका असतो. म्हणून यारीचालक आणि जहाजाचा तांडेल आधी ठरवून घेतात आणि माल थोडा थोडा, पुढे-मागे करत भरला जातो. रिकामे करतानाही हाच क्रम पाळतात. ग्रॅबला तळाचा शेवटचा थर उचलता येत नाही. तेव्हा एक छोटे लोडर यंत्र यारीनेच जहाजाच्या पोटात उतरवतात आणि ते उरलेला माल गोळा करून देते.

मालाचे वजन मोजण्याची येथील रीत जुनी आणि सोपी आहे. प्रत्येक जहाजाच्या दोन्ही बाजूंना मापाच्या खुणा कोरलेल्या असतात आणि जहाज किती सेंटिमीटर बुडाले म्हणजे किती टन भार झाला, याचा प्रमाणित तक्ता तांडेलाजवळ असतो. माल भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर पुढे, मध्ये आणि मागे, दोन्ही बाजूंनी पाण्याची रेषा वाचली जाते. दोन्ही वाचनांतील फरकावरून वजन निघते. जहाज हाच तराजू ठरतो. कोळसा आणि खडीसारख्या मालासाठी हे माप व्यापारात ग्राह्य धरले जाते.

वेळेचेही नियम आहेत. वेगळा करार नसेल, तर जर्मन नियमांनुसार सुट्या मालाच्या प्रत्येक ४५ टनांमागे एक तास या हिशेबाने भरण्या-उतरवण्याची मुदत मिळते. म्हणजे १,३५० टनांच्या जहाजाला ३० तास. त्याहून अधिक काळ जहाज अडकून राहिले, तर जहाजमालकाला विलंबशुल्क द्यावे लागते. माल उतरल्यावर जहाज स्वच्छ करून देण्याची जबाबदारीही ठरलेली असते. पोटातील धुण्याचे पाणी सरळ कालव्यात सोडता येत नाही. ऱ्हाइन आणि तिच्याशी जोडलेल्या जलमार्गांवरील देशांनी १९९६ साली जहाजांवरील कचऱ्यासंबंधी करार केला. तो २००९ पासून अमलात आहे. त्यानुसार प्रत्येक वेळी माल उतरवल्याचा आणि सफाईचा दाखला जहाजावर ठेवावा लागतो.

यातून बचत किती होते, हे साध्या गणिताने कळते. १,३५० टनांचे एक जहाज २५ टनांच्या ५० हून अधिक ट्रकांचा माल नेते. सध्याची ११० मीटर लांबीची जहाजे याहून बरेच अधिक नेतात. अशा जहाजावर तीन-चार माणसे पुरतात आणि दर टनामागे लागणारे इंधन ट्रकच्या तुलनेत पुष्कळ कमी असते. उणीव एकच; जहाज सावकाश चालते. त्यामुळे फुले, भाजी किंवा तातडीचे सुटे भाग कालव्याने जात नाहीत. ज्याला घाई नाही आणि वजन फार आहे, अशा मालाचा हा मार्ग आहे.

तरंगते संसार

या जहाजांपैकी अनेक कुटुंबांच्या मालकीची आहेत. मागच्या बाजूला चालकाच्या खोलीखाली दोन-तीन खोल्यांचे घर असते. छतावर स्वतःची मोटार ठेवलेली असते, ती यारीने धक्क्यावर उतरवतात. पती-पत्नी आळीपाळीने सुकाणूवर बसतात. मुले शाळेच्या वयाची झाली की त्यांना किनाऱ्यावरच्या वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे ठेवण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जहाज दिवसाला १४ तास, १८ तास की अहोरात्र चालवायचे, यावर किती खलाशी ठेवावे लागतील हे नियमांनी ठरते. लहान कुटुंबाला १४ तासांचाच क्रम परवडतो.

डाटेल्नसारख्या गावाला अशा लोकांमुळे दुहेरी उपजीविका मिळाली. यारीवर आणि धक्क्यावर काम करणारे गावचेच रहिवासी होते. शिवाय थांबलेल्या जहाजांना इंधन, पिण्याचे पाणी, दोरखंड, किराणा आणि दुरुस्ती पुरवण्याचा व्यवसाय उभा राहिला. मात्र नवी पिढी या व्यवसायात पूर्वीइतक्या संख्येने येत नाही. जहाजाची किंमत मोठी, घरापासून दूर राहणे अवघड आणि कर्जाचे हप्ते चुकत नाहीत. जुन्या मालकांनी निवृत्त होताना जहाज विकले, की ते बहुधा मोठ्या कंपन्यांकडे जाते.

कोळशाचा अस्त

डाटेल्नची स्वतःची खाण १९७२ साली बंद झाली. १९६८ पासून येथे जस्ताचा मोठा कारखाना होता. तो २००८ मध्ये बंद पडला. २१ डिसेंबर २०१८ रोजी बॉट्रॉपमधील प्रॉस्पर-हानिएल ही जर्मनीतील अखेरची दगडी कोळशाची खाण बंद झाली आणि रुरचा दीडशे वर्षांहून अधिक काळचा मोठा उद्योग इतिहासजमा झाला.

परंतु कालव्यावरून कोळसा जाणे थांबले नाही, त्याची दिशा उलटली. पूर्वी रुरचा कोळसा बाहेर जात असे. आता समुद्रापलीकडून आलेला कोळसा रोटरडॅम, अ‍ॅमस्टरडॅम यांसारख्या बंदरांत लहान जहाजांवर चढवून, ऱ्हाइन आणि कालव्यांतून रुरच्या वीजकेंद्रांकडे येऊ लागला. डाटेल्न येथील जुन्या वीजकेंद्राच्या तीन संचांतून जर्मन रेल्वेच्या विद्युत गाड्यांना वीज मिळत असे. ते संच २०१४ साली बंद झाले. त्यांची जागा घेणारे ‘डाटेल्न ४’ हे सुमारे १,१०० मेगावॉटचे केंद्र मात्र वर्षानुवर्षे न्यायालयात अडकले. २००९ साली म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने त्याचा विकास आराखडा रद्द ठरवला होता. अखेर ३० मे २०२० रोजी केंद्र कार्यान्वित झाले. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने सुधारित आराखडाही रद्द केला; डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो निर्णय बाजूला सारून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले.

जर्मन कायद्यानुसार कोळशावरील वीजनिर्मिती उशिरात उशिरा २०३८ पर्यंत थांबवायची आहे. ती तारीख आली, की कालव्याचे एक मोठे गिऱ्हाईक जाईल. संपूर्ण देशातही चित्र फारसे वेगळे नाही. जर्मनीच्या अंतर्गत जलमार्गांवरून २०२३ साली सुमारे १७ कोटी टन माल गेला. जर्मनीच्या एकीकरणानंतरची ही नीचांकी पातळी होती.

एकाच मालावर जगणारा जलमार्ग किती नाजूक असतो, हे गोमंतकीय वाचकाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवे कालवा यांतून मुरगावकडे खनिज वाहून नेणाऱ्या बार्जी २०१२ आणि २०१८ मध्ये खाणकाम थांबले तेव्हा नदीकाठी नांगरून पडल्या आणि त्यांवर अवलंबून असलेली गॅरेजे, दुकाने आणि खलाशांची कुटुंबे अडचणीत आली. डाटेल्नमध्ये बदल एका रात्रीत आलेला नाही. कायद्याने तारीख आधी सांगून ठेवली आहे, हा फरक. तयारीला मिळालेला हा अवधी वापरला जातो का, हा खरा मुद्दा आहे.

जीर्ण लॉक आणि अडलेली जहाजे

या तयारीच्या आड सर्वांत मोठी अडचण येते ती जुन्या बांधकामांची. वेझेल-डाटेल्न कालव्यावरील मोठी लॉक सुमारे शंभर वर्षांची होत आली आहेत. लॉकमध्ये पाणी वर-खाली होत असताना जहाज दोरांनी भिंतीशी बांधून ठेवावे लागते. त्यासाठी भिंतीतील कोनाड्यांत बसवलेले लोखंडी खुंट आजच्या मोठ्या जहाजांचा ताण सोसू शकत नाहीत, असे गेल्या दशकाच्या अखेरीस लक्षात आले आणि त्यांचा वापर थांबवावा लागला. मग लॉकच्या काठावर खास माणसे नेमण्यात आली. ती जहाजावरून फेकलेला दोर घेत, काठावरच्या खुंटाला अडकवत आणि पाण्याच्या पातळीबरोबर तो सोडत किंवा आवळत. स्वयंचलित दरवाजे, दूरनियंत्रण आणि उपग्रहाधारित मार्गदर्शनाच्या युगात देशातील सर्वांत वर्दळीच्या कालव्यांपैकी एक कालवा हाताने दोर धरणाऱ्या माणसांच्या भरवशावर चालू राहिला.

लॉक बंद पडल्यास काय घडते, याचा अनुभव देशाने अन्य एका जलमार्गावर नुकताच घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये मोझेल नदीवरील म्युडेन येथे एक जहाज लॉकच्या दरवाजावर आदळले. त्या ठिकाणी एकच लॉक असल्याने वरच्या बाजूला सत्तरच्या आसपास जहाजे अडकून पडली आणि नियमित वाहतूक सुरू होण्यास सुमारे दोन महिने लागले. वेझेल-डाटेल्न कालव्यावर प्रत्येक ठिकाणी एक मोठे आणि एक लहान अशी दोन लॉक आहेत. त्यामुळे मार्ग पूर्णपणे बंद होण्याची शक्यता कमी. पण मोठे लॉक दुरुस्तीसाठी बंद असले की रांगा लागतात. दोन-चार तासांचा विलंब ट्रकच्या वाहतूकदाराला सहज भरून काढता येतो. तासाला दहा-बारा किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जहाजाला नाही. कारखान्याला माल वेळेवर मिळण्याची खात्री उरली नाही, तर तो रस्त्याकडे वळतो आणि एकदा वळलेला माल परत कालव्यावर आणणे कठीण होते.

पुढचा माल कोणता?

कालव्यांच्या बाजूने काही गोष्टी भक्कम आहेत. २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात ऱ्हाइनची पातळी कमालीची घसरली आणि मध्य ऱ्हाइनवरील जहाजांना क्षमतेच्या एखाद्या चतुर्थांशाएवढाच माल घेऊन जावे लागले. कालव्यात पाणी लॉक आणि पंपांच्या साहाय्याने राखले जात असल्यामुळे तेथे खोली कायम राहते. रोटरडॅमहून येणाऱ्या जहाजाला आधी खालच्या ऱ्हाइनमधून यावे लागते, त्यामुळे दुष्काळाची झळ त्यालाही बसते हे खरे. पण कालव्यांच्या आपसांतील वाहतुकीला ती बसत नाही. १ जानेवारी २०१९ पासून केंद्राच्या अखत्यारीतील बहुतेक अंतर्गत जलमार्गांवर मालवाहू जहाजांकडून घेतले जाणारे शुल्क बंद करण्यात आले आणि त्याच वर्षी सरकारने अंतर्गत जलवाहतुकीचा बृहत्‌आराखडा जाहीर केला.

मालाचे स्वरूपही बदलत आहे. इमारती पाडून निघालेला राडारोडा, पुनर्वापराचे धातू, तेलबिया, पशुखाद्य, रसायने आणि डॉर्टमुंडच्या टर्मिनलकडे जाणारे कंटेनर यांना कालवा उपयोगी पडतो. रस्त्यांवरील पूल कमकुवत झाल्यामुळे ट्रान्सफॉर्मर आणि पवनचक्क्यांचे अवजड भाग जलमार्गाने नेण्यावर भर दिला जात आहे. परंतु यांपैकी कोणताही एक माल कोळशाच्या प्रमाणात येणारा नाही. अनेक लहान गिऱ्हाइके मिळून एका मोठ्या गिऱ्हाइकाची जागा भरून काढावी लागेल. त्यासाठी धक्क्यांवर वेगवेगळ्या मालाची सोय, कंटेनरसाठी उंच पूल आणि विश्वासार्ह लॉक हवीत. पूल आणि लॉक यांचा खर्च केंद्राकडून येतो. निर्णयही बॉन आणि बर्लिनमध्ये होतात. ३५ हजार वस्तीच्या गावाच्या हाती आपल्या धक्क्यालगतची जमीन उद्योगांसाठी राखून ठेवण्यापलीकडे फारसे काही नाही. पाण्याकाठच्या जागेला घरांसाठीही मोठी मागणी असते आणि एकदा तेथे वस्ती झाली की यारीचा आवाज व धूळ यांबद्दल तक्रारी सुरू होऊन बंदर मागे हटते, हा अनेक जर्मन गावांचा अनुभव आहे.

आज डाटेल्नला येणारा पाहुणा कालव्याच्या काठावरून सायकल चालवतो, वाल्ट्रॉपचे जुने उद्वाहक पाहतो आणि समोरून संथ जाणाऱ्या जहाजांची छायाचित्रे काढतो. पर्यटनातून गावाला चार पैसे मिळतात. तरी मालवाहू जहाजे जात आहेत तोवरच हा कालवा खोल ठेवला जाईल, त्याचे पंप चालतील आणि लॉकांची दुरुस्ती होईल, याची जाणीव गावाला आहे. म्हणूनच नव्या लॉकांचे काम किती लवकर हाती घेतले जाते, याकडे डाटेल्नपासून हामपर्यंतच्या सर्व बंदरांचे लक्ष लागलेले आहे.